स्की निवडताना बाइंडिंगला विसरू नका

गुलमर्ग किंवा औलीला पहिल्यांदा स्कीइंग करायचं ठरलं की जाकीट, हातमोजे आणि गॉगल यांच्या खरेदीत आपले आठवडे जातात. स्की आणि बाइंडिंग मात्र भाड्याच्या दुकानात मिळेल ते, पाच मिनिटांत घेऊन आपण बाहेर पडतो. आपल्या नडगीची काळजी त्याच पाच मिनिटांत घ्यायची असते, म्हणून तिथे जरा सावकाश चला.

सुरुवात बुटांपासून करा. स्कीचे बूट सेंटीमीटरमध्ये मोजतात. पाऊल २६ सेंटीमीटर असेल तर २६ किंवा २६.५ चा बूट मागा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवले की जराशी मागे यावीत. टाच मात्र वर उचलली जाता कामा नये. थंडीच्या भीतीने दोन-दोन मोजे चढवू नका. त्यांना आत वळ्या पडतात, पाय दुखतो आणि रक्त नीट न फिरल्याने उलट जास्तच गारठतो. लांब, पातळ असा एकच मोजा पुरतो.

आता स्कीची लांबी. स्की जमिनीवर उभी धरा. नवशिक्यासाठी तिचं टोक हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावं. आखूड स्की सहज वळते, पण वेग वाढला की थरथरते. म्हणून सराव झालेली माणसं जवळपास स्वतःच्या उंचीएवढी घेतात. उंचीच्या मानाने वजन जास्त असेल तर थोडी लांब घ्या, कमी असेल तर थोडी आखूड.

मग रुंदी. स्कीचा मधला, सगळ्यात अरुंद भाग म्हणजे तिची कंबर. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर ७० ते ८५ मिलिमीटर कंबर उत्तम, कारण अशी स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाते. १०० च्या पुढची रुंद स्की भुसभुशीत बर्फावर तरंगण्यासाठी असते. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथल्या खोल बर्फात रुंद स्कीचा उपयोग आहे, पायथ्याच्या शिकाऊ उतारावर ती फक्त पाय थकवते.

दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मधे फट दिसली तर तो कॅम्बर, म्हणजे कमानीचा बाक. त्याने कडा बर्फात रुतते. फट टोकांकडे लवकर सुरू होत असेल तर तो रॉकर, म्हणजे वर उचललेलं टोक. त्याने वळण सोपं होतं. नवशिक्याला टोकाशी थोडा रॉकर असलेली, मऊ, हाताने दाबल्यावर सहज लवणारी स्की बरी. ताठ, शर्यतीची स्की दिसायला देखणी असते, पण हळू चालवली तर वळता वळत नाही.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी, आणि पडताना सोडून देणारी, यंत्रणा. पाय पिळला गेला की पुढचा भाग बाजूला उघडतो. पुढे तोंडावर पडताना मागचा भाग टाच वर सोडतो. किती जोर पडल्यावर सोडायचं हे तिच्यावरच्या आकड्याने ठरतं. त्याला डीआयएन म्हणतात.

हा आकडा तक्त्यावरून काढतात. त्यासाठी वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपण कसे स्कीइंग करतो हे लागतं. संथ आणि सावध असाल तर पहिला प्रकार, मध्यम असाल तर दुसरा, वेगवान आणि आक्रमक असाल तर तिसरा. पन्नाशी गाठलेल्यांना तक्ता एक पायरी कमी आकडा देतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कुणी लाजून वजन कमी सांगतं, कुणी मित्रांदेखत स्वतःला तिसऱ्या प्रकारात घालतं. पहिल्या दिवशी स्की दोनदा निसटली की "जरा घट्ट करा हो," अशी विनंती होते. आकडा गरजेपेक्षा मोठा असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि सगळा पीळ नडगीच्या हाडावर येतो. फार लहान असेल तर चालत्या वेगात स्की मधेच सुटते. आठ हा आकडा पाचापेक्षा श्रेष्ठ नसतो, तो दुसऱ्या कुणाच्या शरीरासाठी असतो. आणि आकडा बरोबर असला तरी गुडघ्याचे स्नायुबंध बाइंडिंग नेहमी वाचवू शकत नाही, हे ध्यानात ठेवून बेताने उतरा.

स्की वारंवार निसटत असेल तर आकड्याला हात लावण्याआधी बुटाचा तळ पाहा. तिथे बर्फ चिकटलेला असला तर बूट नीट बसतच नाही. प्रत्येक वेळी तो खरवडून मगच पाय ठेवा.

दुकान सोडण्यापूर्वी चारही आकडे, म्हणजे दोन्ही स्कींचे पुढचे आणि मागचे, स्वतः वाचा. बुटाच्या तळाची लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते, समजा ३०५. बाइंडिंग त्याच लांबीला बसवून घेतलंय ना, आणि आपल्या बुटाच्या तळाचा प्रकार त्यात चालतो ना, हे विचारा. स्की सुटल्यावर तिला थांबवणारे ब्रेकचे दोन दांडे कंबरेच्या दोन्ही बाजूंना मोकळे हलले पाहिजेत. आकड्यांचा फोनवर फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळे बूट किंवा वेगळी जोडी हातात आली, तर ती पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्या, मागे कितीही रांग असली तरी.