ॲप बनवून घेताय? आधी ‘कोणाला काय साधायचंय’ ते लिहा

डेव्हलपरकडे गेलो की आपण फीचर सांगतो. लॉगिन हवं, पेमेंट हवं, नोटिफिकेशन हवं. कोटेशन येतं, ॲडव्हान्स जातो आणि वापरायला लागल्यावर कळतं की खरं काम राहूनच गेलं. मग प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे.

व्हिडिओतलं उदाहरण इथे जरा सविस्तर देतो. खांदेश्वरहून लोकल पकडणाऱ्यांना रेल्वेचं यूटीएस ॲप सांगायला नको. डिसेंबर २०१४ मध्ये ते मुंबईत आलं तेव्हा तिकीट मोबाइलवर निघायचं, पण प्रिंट एटीव्हीएम मशीनवर घ्यावी लागायची. फीचर तयार होतं हो! पण प्रवाशाला ‘मोबाइलवर तिकीट’ हवंच नव्हतं, त्याला रांग नको होती. खिडकीची रांग मशीनपुढे गेली, एवढंच. २०१५ मध्ये मुंबईत कागदाविना तिकीट सुरू झालं, तेव्हा कुठे त्याचं काम झालं.

आता रेल्वेच्या बाजूने बघा. टीसी दिसल्यावर कोणी चालत्या गाडीत तिकीट काढलं तर? म्हणून जीपीएस बघून रुळांजवळ बुकिंग बंद ठेवलं. टीसीला गर्दीत झटपट खात्री हवी, म्हणून तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि जो प्रामाणिक माणूस आधीच स्टेशनात पोचलाय त्याचं काय? त्याच्यासाठी स्टेशनात क्यूआर कोड लावले. काही हुशार मंडळींनी त्या कोडचे फोटोच मोबाइलमध्ये ठेवले! एकाची सोय करताना दुसऱ्याचा हेतू नजरेआड झाला की अशी फट राहते.

ज्यांचा ज्यांचा ॲपशी संबंध येतो ते सगळे स्टेकहोल्डर. समजा खांदेश्वरला तुमचा डब्यांचा धंदा आहे. गिऱ्हाइकाला उद्याचा डबा नको असेल तर पैसे वाया जायला नकोत. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना उद्याचा आकडा आदल्या रात्रीच हवा. यातून एक नेमकी गरज निघते: ‘रात्री ९ पर्यंत सुट्टी नोंदवता यावी, त्यानंतर नाही.’ दोघांचं भांडण कागदावरच मिटलं. डबा पोचवणाऱ्या मुलाला सोसायटीप्रमाणे यादी हवी, आणि तुम्हाला महिनाअखेर कोणाकडे किती बाकी आहे ते एका नजरेत दिसायला हवं.

मग प्रत्येक गरजेपुढे माणसाचं नाव लिहा. नकाशावर डबा कुठे पोचला ते दाखवायचं? ते कोणी मागितलंय? नाव सापडत नसेल तर सध्या खोडा, तेवढा खर्च वाचला.

ही यादी त्या ताईंना आणि त्या मुलाला एकदा वाचून दाखवा. मग तीच यादी दोन-तीन डेव्हलपरना द्या. सगळ्यांची कोटेशन एकाच कामाची असतील, म्हणजे भावाची तुलना नीट करता येईल.