एक लिटर इथेनॉलला पाणी किती?

लोणावळ्याहून पुण्याला मोटारीने जायचे झाले, तर अंतर सुमारे ६५ किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला साडेचार लिटरांहून थोडे कमी पेट्रोल लागेल. २०२५ साली देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे एवढ्या प्रवासात आपण पाऊण लिटराहून थोडे अधिक इथेनॉल जाळतो. ते सगळे उसाचेच असते असे नाही. मका आणि तांदूळही वापरतात. पण आपण महाराष्ट्रातले, तेव्हा उसाचेच गणित करू.

एक हेक्टर उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरा. क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर, म्हणून पाणी २०,००० घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. ऊस निघाला ८० टन. टनाच्या रसापासून ७० लिटर इथेनॉल, म्हणजे एकूण ५,६०० लिटर. भागाकार करा. एका लिटरमागे साडेतीन हजार लिटर पाणी! नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात हा आकडा २,८६० आहे. पाटाऐवजी ठिबकने पाणी दिले तर तो कमी होईल, पण शेकड्यांवर येणार नाही.

आता लोणावळ्याकडे वळू. वळवणच्या तलावातले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरते. तेच २,८६० लिटर पाणी तेथे सोडले तर? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे १ कोटी ४० लाख ज्यूल. त्यातली १ कोटी २० लाख तरी वीज म्हणून हाती येतील. एक लिटर इथेनॉल जाळल्यावर २ कोटी १० लाख ज्यूल उष्णता मिळते खरी, पण मोटारीचे इंजिन तिच्यातील जेमतेम चौथाई चाकांपर्यंत पोहोचवते. अर्थात खोपोलीचा हिशेबही निर्दोष नाही. ते पाणी घाट उतरून कोकणात जाते आणि भीमेच्या खोऱ्याला अंतरते.

पाण्याचा हा वाद कागदावरचा नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्यास मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन जणांचा बळी गेला. याच तालुक्याच्या पूर्व भागात ऊस होतो, कासारसाईला साखर कारखाना आहे. इंधनासाठी उसाचे क्षेत्र वाढवायचे म्हटले, की पाणी कोणाच्या वाट्यातून काढायचे हा प्रश्न आलाच. पाऊस कमी झाल्यावर सरकारलाही हात आखडावा लागला: डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले.

मग इथेनॉल वाईट का? सरसकट तसे म्हणता येत नाही. साखर काढून उरलेल्या मळीचे इथेनॉल केले, तर त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही. मात्र टनभर उसाच्या मळीतून दहा-अकरा लिटरच मिळते. जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असतो, हेही खरे. पण युरिया कारखान्यात तयार करायला आणि पंप चालवायला जे इंधन जळते, ते या हिशेबात धरलेच पाहिजे.

भाताच्या पेंढ्यापासूनही इथेनॉल करता येते. पुस्तकात पेंढ्याला 'शेतीतला टाकाऊ माल' म्हणतात. मावळातल्या एखाद्या गोठ्यात जाऊन पाहा, उन्हाळ्यात तो माल कोण खाते!