फुरसतीच्या दाराला कडी



या व्यासपीठावरून विद्वान बोलतात. माझी शाळा म्हणजे गिरणीचे खाते आणि युनियनची कचेरी. तेव्हा विषयही मी कामगाराच्या अंगानेच मांडणार आहे. इन्स्टाग्रामसारखे ॲप आपल्या घरात बंद कसे करावे, आणि बंद केलेले बंद कसे राहील, एवढाच तो विषय.

याचा कामगार चळवळीशी काय संबंध, असे कोणी विचारील. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी ही तिची एक मुख्य मागणी. ती पदरात पडायला 1890 साल उजाडावे लागले. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला 48 तासांची मर्यादा घातली. असा भांडून मिळवलेला मोकळा वेळ आज जातो कोठे? पाळी सुटली की फाटकाबाहेर पडण्याआधीच फोन हातात येतो. त्या पडद्यावर आपण जितका वेळ थांबतो, तितक्या जाहिराती आपल्यासमोर येतात आणि त्यांचे पैसे कंपनीला मिळतात. मालक हजेरी मांडतो, पण निदान पगार तरी देतो. येथे हजेरी आहे, पगार नाही.

शिवाय येथे भोंगाही नाही. पूर्वी संकेतस्थळाचे पान खाली गेल्यावर संपत असे. 2006 साली एझा रॅस्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने कधीच न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली, आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. ज्या पाळीला सुटीचा भोंगा नाही, तिचा भोंगा आपणच वाजवला पाहिजे.

घरात हा पाहुणा तीन दारांनी येतो. एकेक दार पाहू.

पहिले दार फोनचे. ॲप काढून टाकले म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. खाते जिवंत राहते आणि ब्राउझरमधून तेच पान उघडता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ नावाची सोय असते. तेथे एकेका ॲपला रोजची वेळ बांधून देता येते; ती भरली की ॲप मध्यरात्रीपर्यंत उघडत नाही. मात्र ज्याने मर्यादा घातली, तोच ती काढूही शकतो. आयफोनमध्ये 2018 पासून ‘स्क्रीन टाइम’ आहे. त्याला चार आकडी परवलीचा क्रमांक लावता येतो. हा क्रमांक फोनच्या धन्याने स्वतःजवळ ठेवू नये. घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावा. लहान मुलांच्या अँड्रॉइड फोनसाठी गूगलचे ‘फॅमिली लिंक’ आहे. तेथे किल्ली आईबापांकडे राहते.

दुसरे दार संगणकाचे. येथे थोडी आतली गोष्ट सांगितली पाहिजे. यंत्राला नाव पुरत नाही, आकडी पत्ता लागतो. नावावरून आकडा सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. ती 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. त्यापूर्वी साऱ्या जाळ्याची नावनिशी एकाच यादीत असे, आणि ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. तिचा वारसा आपल्या संगणकात अजून आहे. ‘होस्ट्स’ नावाची ती एक लहानशी फाइल. तीत 0.0.0.0 असा आकडा आणि त्यानंतर इन्स्टाग्रामचा पत्ता लिहिला की संगणक त्या नावासाठी बाहेर विचारायला जातच नाही. पत्त्याची ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना, अशी दोन्ही रूपे लिहावी लागतात. ही फाइल बदलायला संगणकाच्या व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. म्हणून मुलांना साधे खाते द्यावे आणि व्यवस्थापकाचे खाते आपल्याकडे ठेवावे.

तिसरे दार वायफायच्या राउटरचे. घरातली सारी यंत्रे नावाची चौकशी बहुधा त्याच्यामार्फत करतात. राउटरमध्ये ओपनडीएनएससारख्या गाळणी लावणाऱ्या सेवेचा पत्ता भरला, तर नको असलेल्या नावाची चौकशी तेथेच अडते. कित्येक राउटरांत यंत्रागणिक वेळापत्रकही लावता येते: रात्री दहा ते सकाळी सहा बंद, असे. राउटरचा मूळ परवलीचा शब्द बहुधा त्याच्या पोटावरच चिकटवलेला असतो. तो आधी बदलावा.

नावनिशी तुटली म्हणजे काय होते, ते साऱ्या जगाने 4 ऑक्टोबर 2021 रोजी पाहिले. फेसबुक कंपनीच्या दुरुस्तीच्या कामात चूक झाली आणि तिच्या नावांचे आकडे सांगणारी यंत्रे जगाला सापडेनाशी झाली. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. कंपनीकडून जे चुकून घडले, तेच आपण लहान प्रमाणात जाणूनबुजून करतो.

पण ही कुलुपे अभेद्य नाहीत. वायफाय सोडून मोबाइलचा डेटा चालू केला की राउटर बाजूला पडतो. व्हीपीएन लावले, किंवा ब्राउझरने नावाची चौकशी सांकेतिक वाटेने परस्पर केली, तरी तेच. म्हणून तिन्ही दारे मिळून विचारात घ्यावीत.

मग सरकारनेच बंदी घालावी, असे काहीजण म्हणतात. 29 जून 2020 रोजी आपल्या सरकारने टिकटॉकसह 59 ॲपे बंद केली. कारण सुरक्षेचे होते, आपल्या फुरसतीचे नव्हे. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले. एक दुकान बंद झाले, समोर दुसरे उघडले आणि गिऱ्हाईक तेच राहिले. वरून लागलेल्या कुलपाने आपला तास आपल्याला परत मिळाला नाही.

घरातही तेच. बापाने मुलाचे ॲप बंद करायचे आणि स्वतः जेवताना पडदा सरकवत बसायचे, याला आमच्या भाषेत एकतर्फी हुकूम म्हणतात. असा हुकूम मोडण्यातच शौर्य वाटते. त्यापेक्षा करार करा. घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कोणते ॲप, किती वाजल्यापासून, किल्ली कोणाकडे आणि फेरविचार केव्हा, ही कलमे ठरवावीत. मुलाच्या मागणीलाही त्यात एक कलम असू द्यावे. मिळालेल्या तासाचे काय करायचे, तेही ठरवावे. रिकामा तास फार काळ रिकामा राहत नाही. कामाचे निरोप व्हॉट्सॲपवर येत असतील, तर ते चालू ठेवावे. संप सगळ्याच यंत्रांशी करायचा नाही.

लोखंड्यांच्या काळी वेळ मालकाकडून सोडवून आणावा लागला. आज तो आपणच आपल्या हाताने देतो आहोत. म्हणून ही कडी आतून लागली पाहिजे, आणि घरातल्या सर्वांच्या संमतीने लागली पाहिजे. आज घरी गेल्यावर निदान एका दारापासून आरंभ करावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.