रात्रीच्या डिजिटल छायाचित्रणातील एक्स्पोजर कालावधीची निवड : वालचंदनगर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही निरा नदीच्या खोऱ्यात साखर कारखाना व यंत्रनिर्मिती उद्योगाभोवती वाढलेली वसाहत होय. वसाहतीत दिव्यांचा उजेड, तर काही अंतरावर उसाच्या शेतांत अंधार, अशी येथील रात्र असते. ‘अंधार अधिक, म्हणून शटर अधिक वेळ उघडे ठेवावे’ हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. कालावधीची कमाल मर्यादा प्रकाशाने नव्हे, तर हालचालीने ठरते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रकाशाचा हिशेब :
छायाचित्राची उजळता शटरचा कालावधी, भिंगाचे छिद्र व आयएसओ या तीन घटकांवर अवलंबून असते. स्थिर इमारतीसाठी आयएसओ ६४०० वर २ सेकंदांचे चाचणी चित्र योग्य उतरले, तर आयएसओ १०० वर त्याच छिद्राने ६४ पट, म्हणजे १२८ सेकंद लागतात. तिपाई भक्कम असल्यास यात अडचण नाही. मात्र दिव्यांच्या उजेडाने आकाशही उजळत असल्याने हिस्टोग्राम तपासणे आवश्यक ठरते.

हालचालीची मर्यादा :
पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतात. त्यामुळे ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून सेकंद काढण्याची पद्धत रूढ आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात २४ मिमी भिंगासाठी हे उत्तर सुमारे २१ सेकंद येते. तथापि ६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तारा साडेतीन सेकंदांतच एक पिक्सेल ओलांडतो. म्हणून मोठ्या छपाईसाठी वा मापनासाठी अल्प कालावधीची अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करणे श्रेयस्कर.

येथे अक्षांशही महत्त्वाचा आहे. वालचंदनगर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून केवळ १८ अंश उंच दिसतो, तर खगोलीय विषुववृत्त दक्षिणेस ७२ अंशांपर्यंत चढते. परिणामी मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावरून व पूर्ण वेगाने जाते. विषुववृत्तापासून ६० अंशांवरील ताऱ्यांचा वेग मात्र निम्मा असतो. तेथे कालावधी दुप्पट चालतो.

चंद्रग्रहणाचे उदाहरण :
पौर्णिमेचा चंद्र सूर्यप्रकाशाने उजळलेला असल्याने आयएसओ १०० व एफ/११ छिद्रावर १/१२५ सेकंद पुरतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास चंद्रग्रहणात तोच चंद्र तांबूस व अतिशय मंद झाला. अशा वेळी काही सेकंदांचा मोह होतो, परंतु ३०० मिमी भिंगावर वरील सूत्राने मर्यादा १.७ सेकंदांचीच येते. उरलेला प्रकाश आयएसओ वाढवून अथवा छिद्र मोठे करूनच मिळवावा लागतो.

निष्कर्ष :
प्रथम हालचालीची मर्यादा ठरवावी, नंतर छिद्र व आयएसओ निवडावे. दाणेदार चित्र काही अंशी सुधारता येते. पुसट झालेले ग्रहण मात्र पुन्हा टिपता येत नाही. विद्यार्थ्यांना निरीक्षणासाठी नेण्यापूर्वी हा हिशेब वर्गातच करून घेणे उपयुक्त ठरेल.