दोन तारे कशाच्या बळावर मिळतात?

लष्करी दवाखान्यातल्या सिस्टरच्या खांद्यावर दोन तारे दिसले, तर ती लेफ्टनंट आहे असे समजावे. लेफ्टनंट म्हणजे कमिशन मिळालेली अधिकारी. आपल्या घरांत रँक हा शब्द नवा नाही. रामजीबाबा सुभेदार होते, हे वस्तीतले लहान पोरही सांगेल. पण सुभेदाराच्या पदावर माणूस शिपाई म्हणून भरती होऊन, वर्षानुवर्षे नोकरी करून पोहोचतो. लेफ्टनंटचे पद त्याच्याही वरचे, आणि नर्सिंग शिकलेली मुलगी पहिल्याच दिवशी त्या पदावर रुजू होते.

म्हणून मिलिटरीत सिस्टर व्हायचे आहे असे कुणी मुलगी म्हणाली, की आम्ही तिला आधी विचारतो, बारावीनंतर कुठला फॉर्म भरणार? तिची रँक खरे तर तिथेच ठरते.

या खात्याचे नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. 28 मार्च 1888 रोजी दहा इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथून त्याचा इतिहास सांगतात. 1926 साली इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस उभी राहिली आणि 1943 च्या अध्यादेशाने ती फौजेचा भाग झाली. त्यात आजही फक्त स्त्रियांची भरती होते. मुलगे लष्करी दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून जातात, पण ती जवानाची भरती आहे, अधिकाऱ्याची नव्हे. नाव सारखे वाटते म्हणून घरच्यांची गल्लत होते.

प्रवेशाच्या वेळची रँक कशावर ठरते? पदवीवर. बी.एस्सी. नर्सिंग, पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग, आणि सोबत राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. एवढे असेल आणि निवड झाली, तर लेफ्टनंट. एम.एस्सी. केलेलीही लेफ्टनंट आणि कालपरवा बी.एस्सी. पास झालेलीही लेफ्टनंट. आय.सी.यू.त दहा वर्षे रात्रपाळ्या काढल्या म्हणून कुणाला थेट तीन ताऱ्यांची कॅप्टन करत नाहीत.

आणि जी.एन.एम.? आम्ही स्वतः डिप्लोमावाल्या, म्हणून हे जरा जोरात सांगतो. आमच्या डिप्लोमावर अधिकाऱ्याचे हे दार उघडत नाही. ए.एन.एम.वर तर नाहीच. सलाईन तेच लावायचे, जखम तीच धुवायची, मरणाऱ्याचा हात तोच धरायचा, पण कागद वेगळा. आपल्या वस्तीतल्या बहुतेक मुली डिप्लोमाकडे का वळतात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. लवकर शिकून लवकर पगार घरी यावा, हेच कारण. त्यात चूक काही नाही. पण पुढे काय बंद होते, ते फॉर्म भरतानाच कळायला हवे. बंद दारालाही एक कडी आहे. जी.एन.एम. आणि नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, आणि ती झाली की शॉर्ट सर्व्हिस कमिशनला अर्ज करता येतो. 2023 साली निघालेल्या जाहिरातीत वयाची अट 21 ते 35 होती. नोकरी धरलेल्या जी.एन.एम. सिस्टरने वयाचा हिशेब आजच करावा.

दुसरी वाट थेट बारावीनंतरची आहे, आणि आमच्या मते गरिबाघरच्या मुलीला तीच जास्त सोयीची. लष्कराची स्वतःची सहा नर्सिंग कॉलेजे आहेत. पुण्याचे ए.एफ.एम.सी., मुंबईत कुलाब्याचे अश्विनी, आणि दिल्ली, लखनौ, कोलकाता व बंगळुरू इथली. जागा साऱ्या मिळून 220. चार वर्षांची बी.एस्सी. तिथे शिकायची, राहणे-जेवण सरकारचे, वर विद्यावेतन, आणि पास झाल्यावर फौजेत नोकरी करण्याचा करार. अट अशी की बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, नीट परीक्षा दिलेली हवी. मग सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. इंग्रजीत आपल्या मुली अडतात. ती तयारी अकरावीपासून करायला हवी, परीक्षेच्या आदल्या महिन्यात नव्हे.

एक गोष्ट पालकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. फौजेच्या कमिशनला जातीचे आरक्षण नाही. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी इथे कामाला येत नाही. राज्याच्या शासकीय नर्सिंग कॉलेजात मात्र येते. तिथे आरक्षण आहे, भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिथून बी.एस्सी. करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनला गेले तरी रँक तीच, लेफ्टनंट.

तारे मिळाले म्हणजे सगळे समान झाले असेही नाही. शॉर्ट सर्व्हिसवर घेतलेला एम.बी.बी.एस. डॉक्टर फौजेत कॅप्टन म्हणून रुजू होतो, म्हणजे सिस्टर दारातच एक पायरी खाली. सातव्या वेतन आयोगात लष्करी सेवा वेतन म्हणून इतर अधिकाऱ्यांना महिना 15,500 रुपये ठरले, नर्सिंग सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना 10,800. तारे तेच, रक्कम कमी. युद्धभूमीजवळच्या दवाखान्यात रक्त सांडलेले असते ते काही 10,800 चे नसते. अमेरिकेच्या फौजेत परिचारिकेला घेताना वरची पदवी आणि आधीच्या कामाचा काही भाग सेवेत धरून रँक ठरवतात. आपल्याकडे वॉर्डातल्या वर्षांना दारावर किंमत का नसावी, हा प्रश्न नर्सेसच्या संघटनांनी विचारायला हवा.

मिळालेली रँक टिकवण्याचाही एक लढा झाला आहे. सेलिना जॉन या लेफ्टनंट सिस्टरना 1988 साली लग्न केले म्हणून सेवेतून मोकळे केले गेले. त्या कोर्टात गेल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी आणि स्त्री-पुरुष भेद करणारा ठरवला आणि त्यांना 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. छत्तीस वर्षे लागली.

वर किती जाता येते? मेजर जनरलपर्यंत. 1976 साली गर्ट्रूड ॲलिस राम या नर्सिंग सर्व्हिसमधूनच भारतीय फौजेतल्या पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. आणि मध्ये, मेजरच्या पायरीवर, खांद्यावरचे तारे जाऊन अशोकाचे सिंह येतात. हे सांगितले की मुलींचे डोळे मोठे होतात, हा आमचा अनुभव.

आता कामाचे. गल्लोगल्ली नर्सिंगचे बोर्ड लागले आहेत. फी भरण्याआधी त्या कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, त्याचा कागद मागा. तोंडी सांगितले तर मानू नका. कोर्सचे नाव पावतीवर नीट वाचा, कारण सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग केअर’ कोर्सची पावती घेऊन मिलिटरीची जाहिरात विचारायला आलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. अकरावीला सायन्स घेताना बायॉलॉजी सोडू नका. आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लगेच करून घ्या, नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.