हल्ली मुक्काम

2023 च्या हिवाळ्यात मराठवाड्यातली माणसं कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं आणि जुने फेरफार धुंडाळत होती. कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या मोडी कागदांना एकदम मोल आलं होतं. नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी असतात, त्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून मी रामकुंडाजवळच्या एका जुन्या वाड्यात गेले. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबा शोधणारी माणसं तिथे भेटतील अशी अपेक्षा होती. तशी भेटलीही. पण माझं लक्ष खिळलं ते आपल्या वडिलांना शोधत आलेल्या एका बाईंवर, आणि त्या ज्या वहीत त्यांना शोधत होत्या त्या वहीवर.

या वह्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. गोदावरीत अस्थी सोडायला, श्राद्ध करायला, सिंहस्थात स्नानाला माणसं येत. प्रत्येक पुरोहित घराण्याची कुळं आणि गावं ठरलेली. आलेल्या यजमानाकडून त्याच्या हाताने लेख लिहून घ्यायचा, म्हणजे पुढच्या पिढीनेही आपल्याच दारात यावं. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या प्रथेची दखल आहे. त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार इथे हीच रीत. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांची तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी गोळा करणाऱ्या संस्थेने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मायक्रोफिल्म करायला घेतली होती.

ज्या गुरुजींकडे मी बसले होते ते सत्तरी ओलांडलेले. समोर माणूस बसला की त्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले : आडनाव काय आणि मूळ गाव कोणतं? पुण्याचा, ठाण्याचा पत्ता सांगितला की ते मान हलवतात. ‘तो राहू द्या. आजोबा कुठले?’ गाव कळलं की उठतात, फडताळातून लाल रुमालात बांधलेलं बाड काढतात, गाठ सोडतात. सगळ्यात जुनी पानं मोडीत, बोरूने लिहिलेली. त्यांची शाई अजून काळीभोर आहे. पुढची बाळबोध, पेनातल्या शाईची, ती मात्र निळसर फिकट होत चाललेली. शेवटची बॉलपेनची.

एका लेखात काय असतं? कुळ, गाव, तालुका. मग यजमानाचं नाव, बापाचं, आज्याचं. चुलते, भाऊ, मुलगे. कशासाठी आलो : अस्थी, श्राद्ध, स्नान. शके आणि तिथी. खाली सही, सही येत नसेल तर अंगठा. आणि गाव सोडून कुठे दुसरीकडे राहत असेल तर ‘हल्ली मुक्काम’. माझ्या दृष्टीने अख्ख्या वहीत सर्वांत मोलाचे शब्द हेच दोन.

सात-बारा तलाठी लिहितो, जन्म-मृत्यूची नोंद पूर्वी कोतवाल देत असे, शाळेतलं नाव मास्तर घालतात. इथे मात्र माणूस स्वतः लिहितो आणि सरकारने मागितलं नसताना लिहितो. घर सोडून गेलेला माणूस गावच्या कागदावर जिथल्या तिथे थांबतो. शेतावर त्याचं नाव राहतं, पण तो आहे की नाही हे सात-बारा सांगत नाही. या वहीत त्याची सही सापडली तर अमुक तिथीला तो जिवंत होता, इथे आला होता, स्वतःला अमुक बापाचा मुलगा म्हणवत होता, एवढं एका पानावर सिद्ध होतं.

त्या बाई संगमनेर तालुक्यातल्या. 1972 च्या दुष्काळात वडील खडी फोडायच्या कामावर जायचे. एके दिवशी गेले ते परतले नाहीत. बाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या. ‘येईल पाऊस पडल्यावर,’ असं आजी म्हणायची, म्हणून पोलिसांत कुणी गेलं नाही. आईने कुंकू शेवटपर्यंत पुसलं नाही. बारा वर्षं उलटल्यावर भावकीने पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरकायचा म्हटलं, तर ती म्हणाली, मी करू देणार नाही. आई गेल्यावर आता लेक निघाली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की घरातून गेलेली माणसं देवाच्या ठिकाणी जातातच, नाशिकला विचारून या.

गुरुजींना आधी चुलत्यांचा लेख सापडला. शके 1899. आईच्या अस्थी घेऊन आलो, असं लिहिलेलं. बाईंनी मान डोलावली, आजी त्याच वर्षी गेली होती. गुरुजींनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि बोट ठेवून थांबले.

‘ताई, हे नाव कुणाचं?’

शके 1900, भाद्रपद वद्य पक्ष. म्हणजे 1978 चा सप्टेंबर, पितृपंधरवडा. ‘मातोश्रींचे श्राद्ध केले.’ बाप, आजा, भाऊ. मुलगा एक, त्याचं नाव. हल्ली मुक्काम सुरत, मिलमध्ये कामास. खाली सही.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘दादांना कसं कळलं आजी गेल्याचं? घरी तर कधी आले नाहीत.’

उत्तर गुरुजींनी दिलं, आणि तिथे मला या वहीचं खरं काम कळलं. यजमान आला की आधीचा लेख त्याला वाचून दाखवायचा, मग त्याचा घ्यायचा, ही त्यांच्या घरची शिस्त. ‘ते बहुतेक वडिलांच्या श्राद्धाला आले असतील. माझ्या वडिलांनी भावाचा लेख वाचला असणार. तेव्हा कळलं असेल. मग आईचं करून गेले.’ आई गेल्याची बातमी मुलाला सुरतेहून इथे येऊन, या पानावर मिळाली. घरची खबर त्याच्यापर्यंत पोचली. त्याची खबर मात्र घरी पोचायला पंचेचाळीस वर्षं लागली, कारण त्यानंतर घरातलं कुणी नाशिकला आलंच नाही. पुढच्या अस्थी प्रवरासंगमला गेल्या. तो कागद तेवढा काळ रुमालात बांधलेला होता आणि विचारायला कुणी आलं नव्हतं.

लेखात बाईंच्या भावाचं नाव होतं. बाईंचं नव्हतं. मुली लिहायची रीत नव्हती.

पण सापडण्याने शोध संपत नाही, उलट तिथून अवघड होतो. सुरतेत मिली किती, आणि बंद पडलेल्यांचे मस्टर आता कुणाकडे? मृत्यूची नोंद शोधायची तर महापालिका साल विचारते, आणि नेमकं तेच ठाऊक नसतं. बेवारस गेलेला असेल तर पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीत नावाशिवाय असतो. सात-बारावर नाव तसंच, वारस लावायचे तर मृत्यूचा दाखला हवा. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं धरता येतं, हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होतं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागतं. आणि कोर्ट मेला एवढंच धरतं, कधी मेला ते धरत नाही. 2004 मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. श्राद्धाची तिथी धरायला किंवा अमुक तारखेला मृत्यू झाला असं म्हणून विम्याचा दावा लावायला कोर्टाच्या अशा निकालाचा आधार मिळत नाही.

कधी वहीत नको ते निघतं. हल्ली मुक्कामाखाली दुसरी बायको, दुसरे मुलगे. अशा वेळी गुरुजी आधी विचारतात, सगळं वाचू का? लपवत नाहीत, पण विचारल्याशिवाय वाचत नाहीत. हा नियम त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही. माझ्या मते नोंदी सांभाळणाऱ्या प्रत्येक कचेरीने तो घ्यावा.

आणि ज्यांची पानंच नाहीत त्यांचं काय? या घाटापासून थोड्याच अंतरावर काळाराम मंदिर आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना मंदिराच्या दारातच अडवलं गेलं, त्यांच्या पूर्वजांची नावं या बाडांत कुठून असणार? त्यांच्या मुलांनी हरवलेला बाप शोधायचा तो शाळेच्या रजिस्टरात, पलटणीच्या किंवा रेल्वेच्या कागदांत. वंशावळीच्या वह्यांचं कौतुक करताना ही उणीव सांगितलीच पाहिजे.

जी पानं आहेत त्यांचीही काळजी वाटते. घराण्याच्या वाटण्या होतात तशी बाडंही वाटली जातात. एका गावाची पानं या भावाकडे, दुसऱ्याची त्या. कसर लागते, पुराची भीती असते. मोडी 1950 च्या सुमारास शाळांतून गेली. गुरुजींना ती वाचता येते, त्यांचा मुलगा अडखळत वाचतो, नातू पुण्यात नोकरीला आहे. फोटो काढून ठेवावेत हे गुरुजींनाही पटतं. पण ते कुणाच्याही हाती पडू नयेत, यावर ते ठाम आहेत. 2023 मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी उडालेल्या गर्दीनंतर त्यांची ही भीती मला पटते. पानं छापून खुली करण्यापेक्षा ज्या कुळाची, त्याच कुळाला दाखवायची, अशी व्यवस्था पुरोहितांना सोबत घेऊन सरकारी पुराभिलेख विभागाने करावी. आणखी दहा वर्षं थांबून चालणार नाही.

2027 च्या सिंहस्थात तुमच्यापैकी अनेकजण नाशिकला जाल. गेलात तर आपल्या कुळाची वही विचारा. मागचे लेख पूर्ण वाचून घ्या. घरातला कुणी बेपत्ता असेल तर त्याचं नाव घेऊन विचारा, आणि नाशिकला नाही मिळालं तर त्र्यंबकला, काशीला, गयेला विचारा. मग स्वतःचा लेख लिहा, मुलींची नावं घाला, आईचं माहेर घाला. आणि हल्ली मुक्कामापुढे गावाचं नुसतं नाव लिहून थांबू नका, पूर्ण पत्ता लिहा.