बोट टेकण्याआधीची नोंदणी

मोबाइल ॲपमध्ये पडद्याच्या तळाशी ‘मुख्यपान’, ‘शोध’, ‘सूचना’ अशा तीन ते पाच चिन्हांची जी पट्टी असते, तिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. ॲपच्या एका दालनातून दुसऱ्यात जाण्याची ती वाट असली, तरी कोणते दालन कसे उघडायचे, हे तिला ठाऊक नसते. चिन्हावर बोट टेकले एवढी घटना, म्हणजे ‘इव्हेंट’, तिला कळते. पुढे काय करायचे ते प्रोग्रामर एका फंक्शनमध्ये लिहितो, ज्याला ‘इव्हेंट हँडलर’ किंवा ‘लिसनर’ म्हणतात, आणि घटना घडताच हे फंक्शन चालवावे, अशी नोंद पट्टीकडे आगाऊ करून ठेवतो. ही नोंदणी राहून गेली, तर चिन्हाचा रंग बदलतो, पण पान जागचे हलत नाही.

अँड्रॉइडवरील ‘बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यू’ या घटकात या व्यवहाराचे बारकावे स्पष्ट दिसतात. निवडलेले चिन्ह कोणते, हे पट्टी हँडलरला कळवते आणि त्याच्याकडून ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ असे उत्तर घेते. ‘ट्रू’ आले तरच ते चिन्ह उजळते, आणि लॉगिन न करताच कोणी ‘माझे खाते’ दाबले म्हणून हँडलरने ‘फॉल्स’ दिले, तर पट्टी आधीच्या चिन्हावरच राहते. उघड्या असलेल्या दालनाचे चिन्ह पुन्हा दाबले गेल्यास काय करायचे, यासाठी वेगळा हँडलर नोंदवता येतो. तो नसेल तर पहिलाच हँडलर पुन्हा चालतो, आणि तो दरवेळी पान नव्याने उभारणारा असेल, तर अर्धी यादी वाचलेला वाचक पुन्हा आरंभाशी येऊन पडतो.

नोंदणीच्या रीतीही दोन आहेत. वरील घटकात या कामासाठी एकच जागा असल्याने नवा हँडलर जुन्याला हटवतो. वेबपानावरील ‘ॲडइव्हेंटलिसनर’ मात्र जुन्या हँडलरशेजारी नवा बसवतो, त्यामुळे तीच पट्टी कायम ठेवून पान दरवेळी नवे फंक्शन नोंदवीत राहिले आणि जुने काढून टाकले नाही, तर बोट एकदा टेकूनही काम दोनदा किंवा तीनदा होते.

नोंदणी बिनचूक असली, तरी हँडलर आटोपशीर असावा लागतो, कारण अँड्रॉइडमध्ये तो ज्या मुख्य थ्रेडवर, म्हणजे कामांच्या ज्या एकाच रांगेत चालतो, तिथेच पडदा रंगवण्याचे कामही होत असते. ही रांग अडून स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना येऊ शकते. म्हणून इंटरनेटवरून माहिती आणण्यासारखे लांबणारे काम हँडलरने दुसऱ्या थ्रेडकडे सोपवून लगेच परतावे, असा दंडक आहे.